छत्री मोठी की हिशेब पक्का?
हद्दीबाहेरच्या उपग्रह वाहिन्या पकडण्याचे गणित

रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर ज्याचा एकही माणूस आखातात नाही असे मोहल्ले थोडेच सापडतील. भिवंडी, मुंब्रा, मालेगावचीही हीच गोष्ट. सुट्टी संपवून परत निघालेल्या माणसाच्या बॅगेत मसाला, पापड, सुकी मासळी असतेच. २००३ साली भारतात डीटीएच सुरू झाल्यापासून त्यात आणखी एका वस्तूची भर पडली, ती म्हणजे सेट टॉप बॉक्स. इथले कार्ड, तिथली छत्री, आणि दुबई-कुवेतच्या खोलीत घरच्या भाषेतल्या बातम्या व मालिका. इंटरनेट आले तरी हा प्रकार अजून थांबलेला नाही.

या व्यवहारात दोन्ही बाजूंना आपलेच लोक आहेत. पैसे देणारा कामगार आपला आणि छत्री बसवून देणारा फिटरही अनेकदा आपलाच. "दुबईत चालेल ना?" या प्रश्नाला दुकानदार "चालेल" म्हणून मोकळा होतो. तिकडे गेल्यावर चित्र येत नाही, आले तर रात्री जाते, काही वाहिन्या येतात तर काही येतच नाहीत. कधी प्रकरण पोलिसांपर्यंतही पोहोचते. म्हणून उपग्रहाचा सिग्नल नेमलेल्या हद्दीबाहेर कसा पोहोचतो, तो पकडायला काय लागते आणि कुठे हात आखडता घ्यावा, हे व्यापारी व कारागीर बंधूंनी नीट समजून घ्यावे.

हद्दीची रेषा म्हणजे भिंत नव्हे

दूरदर्शन वाहिन्यांचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. तिथे त्यांची फेरी पृथ्वीच्या फेरीइतक्याच वेळात होते, म्हणून ते आपल्याला आकाशात एका जागी स्थिर वाटतात. उपग्रहाचा अँटेना आपला झोत ठरावीक प्रदेशावर टाकतो. जमिनीवर पडलेल्या या झोताच्या आकाराला फूटप्रिंट म्हणतात.

कापडावर रंगाचा थेंब पडला तर मध्ये गडद आणि कडेला फिका होत जातो. फूटप्रिंटही तसाच असतो. भारतासाठी झोत टाकला तर मध्य भारतात तो जोरदार असतो, किनाऱ्याकडे थोडा कमी आणि समुद्रापलीकडे आणखी कमी. देशाची सीमा आली म्हणून तो तिथे कापला जात नाही. कच्छ, राजस्थान आणि पंजाबला चांगला सिग्नल द्यायचा म्हटले की पलीकडच्या सिंध-पंजाबातही तो पडणारच. मुख्य झोताच्या बाहेरही थोडा सिग्नल सांडत असतो. या सांडलेल्या सिग्नलावरच हद्दीबाहेरचा सारा उद्योग चालतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुबई उपग्रहापासून दूर म्हणून तिथे सिग्नल कमी, असे बरेच जण समजतात. ८३ अंश पूर्व या जागेवर भारताचे डीटीएच उपग्रह असतात. २००६ साली टाटा स्काय याच जागेवरच्या इन्सॅट-४ए उपग्रहावरून सुरू झाली. या जागेपासून मुंबईचे अंतर सुमारे ३६,३०० किलोमीटर आणि दुबईचे सुमारे ३७,२५० किलोमीटर आहे. एवढ्या फरकाने सिग्नल शेकडा पाचच्या आसपास कमी होतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. खरी घट होते ती झोताचे तोंड भारताकडे वळलेले असल्यामुळे. म्हणून अंतर मोजत बसू नये, फूटप्रिंटचा नकाशा पाहावा.

हे कौतुक जुने आहे

भारतात १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात 'साइट' नावाचा मोठा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह ३५ अंश पूर्वेला आणून राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षणाचे कार्यक्रम दाखवण्यात आले. खेड्यांत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या सुमारे ३ मीटर व्यासाच्या छत्र्या बसवल्या होत्या.

कार्यक्रम भारतीय शेतकऱ्यासाठी होते. पण इंग्लंडमधील शेफील्डच्या स्टीफन बर्किल या बीबीसीच्या अभियंत्याने स्वतः बनवलेल्या साधनांनी हाच सिग्नल आपल्या घरी पकडला. कोलंबोत राहणारे लेखक आर्थर क्लार्क यांच्या घरीही या प्रयोगाचे कार्यक्रम पाहण्यासाठी भारताकडून छत्री बसवून देण्यात आली होती. क्लार्क यांनी १९४५ साली स्थिर उपग्रहांची कल्पना लेखातून मांडली होती, त्यांच्याच घरात ती चालू दिसली.

पुढे १९९० च्या एप्रिलमध्ये एशियासॅट-१ उपग्रह गेला. १९९१ मध्ये त्यावर स्टार टीव्ही आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाली. त्याच्या दक्षिणेकडील झोताखाली भारत तर होताच, शिवाय पश्चिमेला अरबस्तानाकडील मुलूखही होता. त्या काळात गच्च्यांवर उभ्या राहिलेल्या मोठ्या जाळीच्या छत्र्या अनेकांना आठवत असतील. त्यातल्या कित्येक गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये आपल्या कारागिरांनीच ठोकून तयार केल्या होत्या.

पहिली कसोटी : उपग्रह दिसतो का?

छत्रीचा आकार ठरवण्याआधी एकच गोष्ट पाहावी. त्या गावातून उपग्रह क्षितिजाच्या वर आहे का? ८३ अंश पूर्वेचा उपग्रह मुंबईतून क्षितिजापासून सुमारे ६५ अंश उंच दिसतो. दुबईतून तो ४७ अंशांवर येतो आणि कुवेतमधून ३९ अंशांवर. म्हणजे आखातात छत्री जास्त आडवी बघते आणि समोरची उंच इमारत तिच्या आड येऊ शकते. दुबईत छत्रीचे तोंड आग्नेयेकडे हवे. खोलीची खिडकी किंवा गॅलरी उत्तरेला असेल तर छत्री कितीही चांगली असली तरी ती तिथे बसणार नाही.

आता लंडनचा विचार करा. तिथून हाच उपग्रह क्षितिजाच्या सुमारे ४ अंश खाली आहे. मध्ये खुद्द पृथ्वीच आडवी येते. तिथे दहा मीटरची छत्री उभारली तरी काही हाती लागणार नाही. शेफील्डच्या बर्किलना 'साइट' का मिळाले, तेही यावरून कळते. त्यांचा उपग्रह ३५ अंश पूर्वेला होता आणि तो शेफील्डमधून क्षितिजाच्या सुमारे २० अंश वर होता. लंडनच्या नातेवाइकाला इथला बॉक्स पाठवणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे.

छत्रीचा हिशेब

फूटप्रिंटच्या नकाशावर वर्तुळासारख्या रेषा असतात आणि प्रत्येक रेषेवर ५२, ४९, ४६ असे आकडे असतात. हे डेसिबलचे माप आहे आणि त्याचा हिशेब साध्या बेरीज-वजाबाकीसारखा नाही. आकडा ३ ने उतरला की सिग्नल निम्मा होतो, ६ ने उतरला की पाव राहतो आणि १० ने उतरला की दहावा हिस्सा उरतो. नकाशावर "फक्त सहाचा फरक" दिसतो, प्रत्यक्षात बारा आणे माल गेलेला असतो.

ही घट छत्रीच्या क्षेत्रफळाने भरून काढायची असते. सिग्नल निम्मा असेल तर छत्रीचे क्षेत्रफळ दुप्पट लागते. व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होते. समजा मध्यभागी ६० सेंटीमीटरची छत्री पुरते. मग बाहेरचा हिशेब असा होईल :

सिग्नल निम्मा (३ डेसिबल कमी) : ८५ सेंटीमीटर
पाव (६ डेसिबल कमी) : १२० सेंटीमीटर
आठवा हिस्सा (९ डेसिबल कमी) : १७० सेंटीमीटर
सोळावा हिस्सा (१२ डेसिबल कमी) : २४० सेंटीमीटर
चौसष्टावा हिस्सा (१८ डेसिबल कमी) : ४८० सेंटीमीटर

पहिल्या दोन पायऱ्या घरगुती आहेत, तिसरी गच्चीवरची. चौथी आणि पाचवी कामगाराच्या खोलीला परवडणारी नाही. ग्राहकाने "मोठी छत्री घेतो, मग येईल ना?" असे विचारले तर हा तक्ता पुढे ठेवावा.

यात थोडी सवलतही आहे. आपल्याकडच्या मुसळधार पावसात केयू बँडचा सिग्नल फार गळतो, म्हणून भारतातल्या छत्रीत पावसासाठी शिल्लक धरलेली असते. आखातात पाऊस थोडाच पडतो, त्यामुळे त्या शिल्लकीतला काही भाग तिथे कामी येतो. पण सगळी शिल्लक खर्ची घालून "आज येते" एवढ्यावर छत्री बसवली, तर ढग आले, धूळ साचली किंवा वाऱ्याने छत्री किंचित हलली की चित्र जाते.

मोठ्या छत्रीचे नखरे

छत्री मोठी झाली की तिचे काम नाजूक होते. केयू बँडची लहर सुमारे अडीच सेंटीमीटरची असते आणि सी बँडची सुमारे साडेसात सेंटीमीटरची. छत्रीच्या पृष्ठभागातली चूक लहरीच्या मानाने अगदी लहान असली पाहिजे. केयूसाठी दीड-दोन मिलिमीटरचा पोचाही त्रास देतो. जाळीची भोके लहरीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा लहान हवीत, म्हणजे केयूसाठी अडीच मिलिमीटरच्या आत. सी बँडसाठी बनलेली जुनी जाळीची छत्री भंगारातून आणून तिच्यावर केयूचा एलएनबी लावतात आणि मग निकाल लागत नाही, त्याचे कारण हेच. आकार मोठा, पण माल त्या कामाचा नाही.

दुसरी गोष्ट नेमाची. ६० सेंटीमीटरची छत्री दीड अंश इकडेतिकडे झाली तरी काही तरी पकडते, कारण तिची नजर सुमारे ३ अंश रुंद असते. २४० सेंटीमीटरच्या छत्रीची नजर पाऊण अंशाच्या आसपास असते. तिचा खांब, नटबोल्ट आणि पायाही तितकाच पक्का लागतो.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात ६० सेंटीमीटरच्या छत्रीवर साधारण १५ किलोचा रेटा येतो. २४० सेंटीमीटरच्या भरीव छत्रीवर तो सुमारे २५० किलोपर्यंत जातो. चार माणसांचे वजन कठड्याला आडवे टेकल्यासारखेच हे झाले. असा कठडा किंवा विटांची भिंत सुटली तर खाली रस्त्यावर कोण असेल ते सांगता येत नाही. छत्री खाली कोसळली तर जबाबदारी बसवणाऱ्यावर येते, हे फिटर बंधूंनी विसरू नये.

एलएनबीचा कलही बदलावा लागतो. ८३ अंशांच्या उपग्रहासाठी मुंबईत हा कल सुमारे २७ अंश आहे, दुबईत सुमारे ४५ अंश. इथल्यासारखाच एलएनबी तिथे घट्ट आवळला तर आधीच अशक्त असलेला सिग्नल आणखी वाया जातो. अर्ध्या तक्रारी मोठी छत्री न घेता केवळ हा कल सुधारून मिटण्यासारख्या असतात.

सी बँडच्या छत्र्यांना आता नवी अडचण आली आहे. भारतात २०२२ च्या लिलावापासून ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झच्या लहरी ५-जी फोनसेवेला दिल्या आहेत. सी बँडचे जुने एलएनबी याच्या अगदी शेजारी काम करतात. जवळ टॉवर असेल तर चांगले चालणारे चित्रही तुटते. तिथे छत्री बदलण्यापेक्षा फिल्टर बसवणे स्वस्त पडते.

डिजिटलचा स्वभाव

जुन्या अ‍ॅनालॉग काळात सिग्नल कमी झाला की पडद्यावर पांढरे-काळे ठिपके यायचे. चित्र खराब दिसायचे, पण दिसायचे. माणूस तेवढ्यावरही समाधान मानायचा. डिजिटलमध्ये तसे नाही. ठरावीक पातळीपर्यंत चित्र स्वच्छ असते, तिच्या खाली गेले की चौकटी पडतात, आवाज तुटतो आणि पडदा काळा होतो. मधली पायरी जवळजवळ नसते.

म्हणून बॉक्सवर दिसणाऱ्या दोन पट्ट्यांतला फरक समजून घ्यावा. 'स्ट्रेंग्थ' म्हणजे तारेतून किती जोर येतो. त्यात कचराही मोजला जातो. 'क्वालिटी' म्हणजे त्यात कामाचा माल किती. छत्री नेहमी क्वालिटीवर बसवावी. एकाच उपग्रहावरच्या सगळ्या वाहिन्यांचा झोत सारखा असतोच असे नाही. एका ट्रान्सपाँडरच्या वाहिन्या येतील, दुसऱ्याच्या येणार नाहीत. ग्राहकाला हव्या असलेल्या वाहिनीवरच क्वालिटी पाहावी, दुसऱ्या कुठल्यातरी वाहिनीवर पाहून पैसे घेऊ नयेत.

रातोरात बंद होणारा माल

हद्दीबाहेरच्या ग्राहकाची कंपनीकडे काही दाद नसते. उपग्रहाचे आयुष्य संपले की नवा येतो, त्याचा झोत वेगळा असू शकतो. कधी जागाच बदलते. सरकारी डीडी डायरेक्ट प्लस ही मोफत सेवा डिसेंबर २००४ मध्ये ९५ अंशांवरच्या एनएसएस-६ वर सुरू झाली आणि पुढे ९३.५ अंशांवरच्या इन्सॅट-४बी वर गेली. देशातल्या प्रेक्षकाला याची सूचना मिळते. देशाबाहेरचा प्रेक्षक कंपनीच्या खातेवहीतच नसतो, त्याला कोण सांगणार? मोठ्या छत्रीत गुंतवलेला पैसा एका दिवसात भंगार होऊ शकतो.

कार्ड, हक्क आणि कायदा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सिग्नल पोहोचतो म्हणजे तो पाहण्याचा किंवा विकण्याचा हक्क मिळतो असे नाही. एखाद्या मिलची एजन्सी एका जिल्ह्यापुरती दिली जाते, तसे कार्यक्रमांचे आणि क्रिकेटचे हक्क देशवार विकले जातात. भारतातल्या डीटीएच कंपनीचा परवाना भारतापुरता असतो. कार्ड इथल्या पत्त्यावर, इथल्या वापरासाठी दिले जाते. ते परदेशात चालवणे कराराच्या बाहेर आहे, आणि कळले तर कंपनी ते बंद करते. ज्या वाहिन्या कुलूप न लावता मोफत सोडलेल्या असतात त्यांची गोष्ट निराळी, पण त्याही हॉटेलात दाखवायच्या किंवा केबलवर वाटायच्या असतील तर तिथला कायदा पाहावाच लागतो.

संयुक्त अरब अमिरातीत भारतीय डीटीएचचे बॉक्स विकणाऱ्या व बसवणाऱ्यांवर कारवाया झालेल्या आहेत. पाकिस्तानात २०१६ साली पेमरा या नियामक संस्थेने भारतीय डीटीएच बॉक्सच्या विक्रीविरुद्ध मोहीमच उघडली होती. आपल्याकडेही जुलै १९९७ मध्ये केंद्र सरकारने केयू बँडवरच्या डीटीएच प्रक्षेपणाच्या ग्रहणावर बंदी घातली होती. नोव्हेंबर २००० मध्ये धोरण मंजूर झाल्यावर वाट मोकळी झाली. मधल्या तीन वर्षांत तो माल घरात असून उपयोगाचा नव्हता.

परदेशात नोकरीवर असलेल्या माणसासाठी हा केवळ दंडाचा प्रश्न नाही. व्हिसा, नोकरी आणि घरी जाणारा पैसा, सगळे त्यावर अवलंबून असते. मालिका पाहण्यासाठी एवढी जोखीम घेण्यासारखी नाही, आणि दुसऱ्याला ती घ्यायला लावून नफा कमावणे तर मुळीच शोभत नाही. आखातात भारतीय वाहिन्या रीतसर देणाऱ्या परवानाधारक कंपन्या आहेत. त्यांची वर्गणी जास्त वाटते, पण छत्री, बसवणूक, दुरुस्ती आणि धोका यांची बेरीज केली तर फरक फार उरत नाही.

धंदेवाल्यांनी एवढे करावे

एक : ग्राहक कोणत्या देशात, कोणत्या शहरात आणि कोणत्या दिशेच्या खोलीत राहतो ते आधी विचारा. उपग्रह तिथून दिसतो का ते पाहा.

दोन : फूटप्रिंटचा नकाशा काढून तिथला आकडा पाहा आणि छत्रीचा आकार हिशेबाने सांगा, अंदाजाने नको.

तीन : "येईल" आणि "चालू राहील" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हद्दीबाहेरच्या कामाची गॅरंटी देऊ नका. द्यायचीच असेल तर फक्त छत्री, खांब आणि बसवणुकीची द्या आणि पावतीवर तसे लिहा.

चार : तिथला कायदा मनाई करत असेल तर बॉक्स विकू नका. गिऱ्हाईक गेले तर जाऊ द्या.

पाच : हातात कसब असलेल्या मुलांनी रीतसर कामाकडे वळावे. इमारतींच्या सामाईक छत्र्या, मोफत वाहिन्यांची बसवणूक, ५-जीचे फिल्टर, गंजलेल्या खांबांची दुरुस्ती ही कामे इथेही आहेत आणि आखातातही. अंश मोजून छत्री लावणारा, मीटर वाचता येणारा फिटर कुठेही उपाशी राहत नाही.

सिग्नल सीमा ओलांडून जातो, कारण त्याला सीमा कळत नाही. माणसाला ती कळते. छत्री विकण्याआधी कागदावर दहा मिनिटे हिशेब मांडला तर ग्राहकाचा पैसा वाचेल आणि दुकानदाराचा शब्दही राहील. धंद्यात भांडवलापेक्षा हा शब्दच जास्त दिवस टिकतो.